सेप्सिसचा पहिला तास: ऑर्डर लिहिली, डोस कधी गेला?

रामबागकर | सोमवार, रात्री ९.२०

मी इंदुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात क्वालिटी विभागात आहे. त्याआधी आयसीयूत सिस्टर होते. आता माझं काम फायली वाचायचं. पेशंट घरी गेलेला असो की दगावलेला, फाइल उघडायची आणि जे करायला हवं होतं ते झालं का, झालं तर किती वाजता झालं, हे पानापानांतून शोधून काढायचं. सेप्सिसच्या फायलींत जे दिसतं ते इथं मांडायचं बरेच दिवस मनात होतं. इंदूर, उज्जैन, देवासकडचे पुष्कळ जण इथं आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, लॅबवाले आहेत आणि ज्यांच्या घरात हे घडून गेलंय असेही आहेत. सगळ्यांनी लिहावं.

सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नव्हे. इन्फेक्शन लघवीतलं असो, फुफ्फुसातलं असो की पायाच्या जखमेतलं, त्याच्याशी लढताना शरीराचा तोल जातो आणि किडनी, फुफ्फुसं, मेंदू असे अवयव निकामी व्हायला लागतात, ती अवस्था. २०१७ साली जगात अंदाजे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि १.१ कोटी दगावले, असा हिशेब २०२० मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक.

करायचं काय, हे ठरलेलं आहे. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन ही मोहीम २००२ पासून चालू आहे. तिनं २०१८ मध्ये पहिल्या तासात हाती घ्यायच्या पाच गोष्टी सांगितल्या. रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) मोजा, २ च्या वर असेल तर परत मोजा. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घ्या. मग ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे पुष्कळ प्रकारच्या जंतूंवर चालणारं, अँटिबायोटिक द्या. बीपी पडलेलं असेल किंवा लॅक्टेट ४ किंवा त्याच्या पुढे असेल तर किलोमागे ३० मिली सलाईन सुरू करा. तरी बीपी उचलत नसेल तर नॉरअॅड्रेनॅलिनसारखं औषध लावून मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ च्या खाली जाऊ देऊ नका. इंदुरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी हॉस्पिटलात यातलं सगळं मिळतं.

मग अडतं कुठं? एका फाइलचं सांगते, ओळख पटेल असं काही न लिहिता. वयस्क बाई, लघवीचं इन्फेक्शन, बीपी ८४/५०, असंबद्ध बडबड चालू. ड्यूटी डॉक्टरनं बरोबर ओळखलंय. कॅज्युअल्टीच्या कागदावर 'सेप्सिस' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. ११.४० ला ऑर्डर: इंजेक्शन मेरोपेनेम (अँटिबायोटिक) १ ग्रॅम, स्टॅट, म्हणजे ताबडतोब. आणि सिस्टरच्या औषधांच्या चार्टवर पहिल्या डोसची वेळ २.१०. मधल्या अडीच तासांत कोणी हातावर हात धरून बसलेलं नाही. मुलगा फाइल बनवायला काउंटरवर होता. तिथं डिपॉझिट भरलं. वर बेड रिकामा होईपर्यंत पेशंट खालीच. बेड मिळाल्यावर वॉर्डातून इंडेंट (औषधाची मागणी) गेलं, मेडिकलमधून औषध वर आलं, तोवर दोनची शिफ्ट बदलली, नव्या सिस्टरनं चार्ज घेतला, हाताची लाइन सुजली होती ती बदलली, आणि मग डोस.

महिन्याच्या रिपोर्टात या फाइलसमोर 'अँटिबायोटिक दिलं: हो' अशी टिक पडते. त्या टिकच्या जागी वेळ यायला हवी, एवढंच मी मीटिंगांमध्ये सांगत असते.

हे फक्त आपल्याकडचं म्हणावं तर तसंही नाही. २००९ च्या जुलैत आशियातल्या १६ देशांमधल्या १५० आयसीयूंचा अभ्यास झाला, त्यात भारतही होता. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो आला. सुरुवातीच्या उपचारांचा पूर्ण संच मिळालेले पेशंट ७.६ टक्के, आणि हॉस्पिटलात दगावलेले ४४.५ टक्के. जी हॉस्पिटलं आपणहून मोहिमेत आली होती, त्यांचंही सुरुवातीला १०.९ टक्केच होतं. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर ते ३१.३ वर गेलं. त्याच काळात त्यांच्याकडचे मृत्यू ३७ वरून ३०.८ टक्क्यांवर आले. म्हणजे मागे लागलं की फरक पडतो.

तुमच्याकडे काय दिसतं?


माळव्याची_माती | सोमवार, रात्री ९.४८

वाचतेय. खूप गरजेचा धागा, ताई.


डॉ_टिळकनगर | सोमवार, रात्री १०.३५

ताई, मी आयसीयूत काम करतो. तुमची ११.४० ते २.१० ची गोष्ट मी रोज बघतो, त्यामुळं त्यावर वेगळं बोलत नाही. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, घड्याळ सगळ्यांना सारखं लावायचं नाही. त्याच मोहिमेच्या २०२१ च्या सूचनांत हे नीट सांगितलंय. शॉक असेल, म्हणजे बीपी धोकादायक पडलं असेल, किंवा सेप्सिस आहे याची बऱ्यापैकी खात्री असेल, तर एका तासात अँटिबायोटिक. शॉक नाही आणि सेप्सिस आहे की दुसरंच काही याची शंका आहे, तर लगेच तपासण्या करा, आणि शंका राहिलीच तर तीन तासांच्या आत द्या. हा फरक उगाच केलेला नाही. २०१६ च्या सूचनांना अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पाठिंबा दिला नव्हता. एका तासाच्या धाकानं ताप आलेल्या प्रत्येकाला मोठं अँटिबायोटिक सुरू होईल, ही त्यांची भीती होती. आपल्याकडे मेरोपेनेमला दाद न देणारे जंतू आयसीयूत नेहमीचे झालेत, त्यामुळं ही भीती आपण तर जास्तच मनावर घ्यायला हवी.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. ७.६ टक्के वाचून लोक घाबरतील. तो आकडा 'सगळं केलं तरच पास' या पद्धतीचा आहे. बाकी सगळं वेळेवर झालं आणि एकच गोष्ट राहिली, तर ती फाइल नापास. अमेरिकेत सरकारनं ऑक्टोबर २०१५ पासून सेप्-१ नावाचं माप लावलंय, तेही असंच. म्हणून मला विचाराल तर एकूण टक्क्यापेक्षा पायरीपायरीची मिनिटं बघावीत. शॉकच्या पेशंटला पहिला डोस किती मिनिटांत गेला, हा एक आकडा जरी प्रत्येक हॉस्पिटलनं प्रामाणिकपणे लिहिला तरी पुष्कळ कळेल.

उशिराची किंमत किती, यावर मतं वेगवेगळी आहेत. २००६ च्या कुमार यांच्या अभ्यासात बीपी पडल्यापासून पहिल्या तासात योग्य औषध मिळालेल्यांपैकी ७९.९ टक्के वाचले होते, आणि पुढं दर तासाला वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेलं. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका मोठा दिसला नाही. पण दिशा तीच आहे.


छत्रीबागवाले | सोमवार, रात्री ११.१०

ताई, डॉक्टरसाहेब, आमच्या घरचं सांगतो. हॉस्पिटलांची नावं घेत नाही.

बाबांना जुनी शुगर. पायाच्या अंगठ्याला जखम होती, पट्टी चालू होती. एक दिवस सकाळी चहा घेईनात, नुसते झोपाळल्यासारखे. ताप नव्हताच, उलट हात-पाय गार. शुगर बघितली, ठीक. श्वास मात्र भराभर चालला होता. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. त्यांनी सलाईन लावलं, एक इंजेक्शन दिलं आणि मोठ्या ठिकाणी न्या म्हणाले. १०८ आली. दुसऱ्या ठिकाणी पोचलो तर तिथले डॉक्टर विचारतात, कुठलं इंजेक्शन दिलं, किती वाजता दिलं? चिठ्ठीवर फक्त 'अँटिबायोटिक दिले'. मी फोन लावत बसलो, पलीकडे कोणी उचलेना. इथं मला फाइल बनवून आणा, हे औषध खालून आणा, ही सही करा, असं चालू. बाबांच्या उशाशी घरचं कोणीच नव्हतं.

बाबा वाचले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मला कुणावर आरोप करायचा नाहीये. पण चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि वेळ लिहायला काय लागतं हो?


रामबागकर | सोमवार, रात्री ११.३२

दादा, वाचून फार वाईट वाटलं. बाबांची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते.

तुम्ही जे लिहिलंय ते फायलींत मला सारखं सापडतं. रेफर होऊन आलेल्या पेशंटचं घड्याळ आमच्या दारात आल्यावर सुरू होतं, असं आम्ही धरतो. त्याचं खरं घड्याळ देवासला, धारला किंवा घराशेजारच्या नर्सिंग होममध्येच सुरू झालेलं असतं. आमच्या आकड्यांत ते तास येतच नाहीत. दोन्हीकडची हॉस्पिटलं आपापल्या कागदावर वेळेत असतात आणि पेशंटचे चार तास गेलेले असतात.

आणि ताप नसणं! वयस्क माणूस, शुगरवाला, अचानक सुस्त झालाय, श्वास वाढलाय, लघवी कमी झालीय, हात गार आहेत, तर ताप नसला तरी सेप्सिसचा विचार आधी करा. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.


कल्चर_बॉटल | मंगळवार, सकाळी ७.०५

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. रात्रपाळी संपवून लिहितेय.

ब्लड कल्चर 'घेतलं' आणि ब्लड कल्चर 'नीट घेतलं' यांत खूप अंतर आहे. मोठ्या माणसाचं असेल तर प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं आणि दोन वेगळ्या जागांवरून दोन सेट हवेत. आमच्याकडे येतं काय, तर एकच बाटली, त्यात जेमतेम तीन मिली. लेबलवर नाव असतं, वेळ नसते. अँटिबायोटिक आधी गेलं की नंतर, हे फॉर्मवर कोणी लिहीत नाही. आणि या क्रमाला फार महत्त्व आहे. २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता, ३२५ पेशंटांचा. त्यात प्रत्येकाचं कल्चर औषधाच्या आधीही घेतलं आणि नंतरही. आधीच्यात ३१.४ टक्के पॉझिटिव्ह, नंतरच्यात १९.४. म्हणजे पहिला डोस गेल्यावर बाटली भरली तर जो जंतू सापडला असता तो बऱ्याचदा सापडतच नाही. मग पाच-सात दिवस अंदाजानं मोठं औषध चालू राहतं, बिल वाढतं, किडनीवर ताण येतो.

पण कल्चरसाठी औषध अडवून ठेवू नका! शीर मिळत नसेल, ४५ मिनिटं झाली असतील, तर औषध देऊन टाका.


नेहमीचा_वाचक | मंगळवार, सकाळी ९.१५

हे सगळं ठीक आहे. पण सामान्य माणसाला वाटतं की दोन-दोन कल्चर, परत-परत लॅक्टेट, हा बिल वाढवण्याचा धंदा आहे. आम्ही कशावरून विश्वास ठेवायचा? माझ्या मेहुण्याच्या वेळी आम्ही कल्चरला नाही म्हटलं होतं, कारण रिपोर्ट तीन दिवसांनी येणार होता.


कल्चर_बॉटल | मंगळवार, सकाळी ९.५०

तुमचा राग समजतो. पण ज्या तपासण्यांना नाही म्हणावं त्यांत ब्लड कल्चर येत नाही. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो तेव्हा त्याच्यावरून दोन महागडी औषधं बंद करून एक साधं औषध ठेवता येतं. बाटलीत जंतू वाढायला लागल्याचा पहिला फोन तर आम्ही पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी करतो.


बडवाहचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३.४०

मी नर्मदेकाठी छोटं हॉस्पिटल चालवतो, दहा खाटांचं. ही चर्चा इंदूरच्या आयसीयूभोवतीच फिरतेय म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्याकडे एबीजी मशीन (रक्तातले वायू आणि लॅक्टेट जागेवर मोजणारं) नाही. लॅक्टेटची ट्यूब बर्फात घालून इंदूरला पाठवली तर रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एक तर सुधारलेला असतो किंवा गेलेला. मग मी त्या पाच पायऱ्यांत कायमचा नापास. आणि सलाईनबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. किलोमागे ३० मिली म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. पुढं श्वास अडकला तर माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही. पावसाळ्यानंतर माझ्याकडे डेंगी येतो, स्क्रब टायफस येतो, मलेरिया येतो. सगळ्यांना एकाच मापानं पाणी देता येत नाही. झांबियात लुसाकाला हेच करून बघितलं होतं. २१२ पेशंट, बहुतेक एचआयव्हीबाधित. ठरवून भराभर सलाईन आणि बीपीची औषधं दिलेल्या गटात ४८.१ टक्के दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३३ टक्के. २०१७ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये आलंय. तेव्हा 'किती टक्के पायऱ्या पाळल्या' यावरून हॉस्पिटलची लायकी ठरवायला माझा ठाम विरोध आहे.


डॉ_टिळकनगर | मंगळवार, रात्री ८.२५

डॉक्टर, झांबियाचा अभ्यास इथं यायलाच हवा होता. सलाईनबाबत तुमच्याशी मी बराचसा सहमत आहे. २०२१ मध्ये ३० मिलीची शिफारस 'करावंच' वरून 'करावं असं सुचवतो' इथं उतरली. २०२३ च्या क्लोव्हर्स नावाच्या अभ्यासात सुरुवातीचं सलाईन झाल्यानंतर पुढं भरपूर पाणी आणि कमी पाणी अशी तुलना झाली, मृत्यूंत फरक पडला नाही. बाटली लावून निघून जायचं नाही, दर ५०० मिलीनंतर पेशंटकडे परत यायचं, छाती ऐकायची, श्वास मोजायचा, मग पुढची बाटली. हे तुम्ही करताच, याची मला खात्री आहे.

लॅक्टेट नाही म्हणून तुम्ही नापास, असं मात्र मानू नका. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक नावाच्या अभ्यासात दक्षिण अमेरिकेतल्या ४२४ पेशंटांत एका गटाचे उपचार लॅक्टेट बघून केले, दुसऱ्याचे नुसतं बोट बघून. बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत दहा सेकंद दाबून धरायचं, सोडायचं, रंग तीन सेकंदांत परत येतो का बघायचं. बोट बघून उपचार केलेला गट मागे पडला नाही. २०२१ च्या सूचनांत ही खूण आलीय. नॉरअॅडसाठीही सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट बघायची गरज नाही, कोपराच्या आसपासच्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ चालवता येतं, जागेवर लक्ष ठेवायचं.

पण पहिला डोस आणि त्याची वेळ, या दोन गोष्टी दहा खाटांतही होतात, नाही का? तुम्ही रेफर करण्याआधी डोस देऊन चिठ्ठीवर नाव, मात्रा आणि वेळ लिहिली, तर इंदूरला पोचेपर्यंतचा रस्ता फुकट जात नाही. शक्य असेल तर कल्चरच्या दोन बाटल्या भरून पेशंटबरोबरच पाठवा. त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत, आहेत तशाच द्यायच्या.


बडवाहचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९.०५

हे पटलं. डोस मी देतोच. बाटल्या पाठवण्याचं मनावर घेतो. पण मग इंदूरवाल्यांनी त्या बाटल्या घ्यायला हव्यात. 'बाहेरचं सॅम्पल' म्हणून परत पाठवू नयेत.


कल्चर_बॉटल | मंगळवार, रात्री ९.३०

आमच्या लॅबमध्ये मी हा विषय काढते. तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे.


जर्सीतली_इंदोरी | बुधवार, सकाळी ६.१५

माहेर इंदूरचं, वीस-बावीस वर्षं इकडे. इथल्या कायद्याची गोष्ट माहीत असावी म्हणून लिहिते.

न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टाँटन नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. शाळेत बास्केटबॉल खेळताना हाताला खरचटलं. ताप आणि उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलमधून त्याला घरी पाठवलं गेलं आणि १ एप्रिल २०१२ ला तो सेप्सिसनं गेला. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं नियम केला की प्रत्येक हॉस्पिटलकडे सेप्सिस ओळखण्याची आणि उपचारांची लेखी पद्धत हवी, आणि आकडे सरकारला द्यायला हवेत. त्यातूनच २०१७ चा मोठा अभ्यास निघाला. १४९ हॉस्पिटलं, ४९,३३१ पेशंट. त्यांतल्या ८२.५ टक्क्यांचा कल्चर, लॅक्टेट, अँटिबायोटिक हा संच तीन तासांत पुरा झाला होता. जितका उशीर तितका मृत्यूचा धोका जास्त, तासाला सुमारे ४ टक्क्यांनी.

आपल्याकडे असा नियम नाही. मध्य प्रदेशानं सुरुवात करायला काय हरकत आहे? आयुष्मानच्या क्लेमला इतके कागद जोडावे लागतात, त्यात 'पोचल्याची वेळ' आणि 'पहिल्या अँटिबायोटिकची वेळ' एवढे दोन रकाने जोडता येतील.


नेहमीचा_वाचक | बुधवार, सकाळी १०.४०

दोन रकान्यांची कल्पना आवडली. पण हॉस्पिटलं रकान्यात खोट्या वेळा लिहितील, त्याचं काय?


रामबागकर | बुधवार, दुपारी १.२०

ही शंका बरोबर आहे. वेळ सजवता येते. म्हणून मी तीन कागद शेजारी ठेवून बघते: मेडिकलच्या बिलावर छापलेली वेळ, सिस्टरचा चार्ट, आणि लॅबमध्ये सॅम्पल आल्याची नोंद. बिल १.५० चं आणि डोस १.१५ ला दिलेला, असं असेल तर कुणाला तरी विचारावं लागतं. बिल संगणकावर निघतं, ते सहसा बदलत नाही.

आणखी एक बघायला हवं, ते म्हणजे दुसरा डोस. पहिला डोस कॅज्युअल्टीत जातो, पेशंट वर वॉर्डात जातो, आणि वॉर्डाच्या नेहमीच्या वेळा सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. पहिला डोस पहाटे ४ ला झाला असेल तर आठ तासांनी दुपारी १२ ला हवा. तो २ ला जातो, कधी 'रात्रीपासून सुरू' असंही होतं. पहिल्या तासाचं ऑडिट याला पकडत नाही.


सिस्टर_देवास | बुधवार, रात्री १०.१५

रामबागकर ताई, मी देवासला कॅज्युअल्टीत आहे. आम्ही एक करून बघितलंय. प्लास्टिकचा एक डबा केलाय, क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या) खालच्या कप्प्यात असतो. त्यात कल्चरच्या चार बाटल्या, लॅक्टेटची ट्यूब, आरएल सलाईनच्या दोन बाटल्या, मोठ्या दोन लाइनी आणि पहिल्या डोसचं अँटिबायोटिक. वर एक कागद चिकटवलाय, त्यावर फक्त वेळा लिहायच्या. डॉक्टर 'सेप्सिस' म्हणाले की डबा उघडायचा. पैसे नंतर फाइलवर चढतात. नातेवाइकांना खाली पळावं लागत नाही. मॅनेजमेंटला पटवताना त्रास झाला, डबा फुकट जाईल म्हणायचे. अजून एकही व्हायल एक्स्पायर झालेली नाही.

अडचण दोन औषधांची येते. डॉक्टर मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिन दोन्ही लिहितात. लाइन एकच असते. आधी कुठलं लावायचं, यावर रात्रीच्या शिफ्टमध्ये दरवेळी विचारावं लागतं.


डॉ_टिळकनगर | बुधवार, रात्री १०.५०

सिस्टर, अगदी महत्त्वाचं विचारलंत. आधी मेरोपेनेम. ते पाच मिनिटांत हळूहळू शिरेतून देता येतं आणि लघवी, पोट, फुफ्फुस या नेहमीच्या ठिकाणांचे बहुतेक जंतू त्यात येतात. व्हॅन्कोमायसिन भराभर देता येत नाही, एक ग्रॅमला निदान तास लागतो. ते आधी लावलं तर महत्त्वाचं औषध तासभर बाटलीतच राहतं. हे डब्यावरच्या कागदावर लिहून टाका, डॉक्टरांची सही घेऊन.

डब्यात कुठलं औषध ठेवायचं ते मात्र माझं ऐकून ठरवू नका. तुमच्याच हॉस्पिटलच्या मागच्या वर्षभराच्या कल्चरचे रिपोर्ट काढा आणि लॅबला विचारा. घरून थेट आलेल्या पेशंटला बऱ्याचदा मेरोपेनेमची गरज नसते.


सिस्टर_देवास | बुधवार, रात्री ११.०५

कागदावर उद्याच लिहिते. कल्चरचे रिपोर्ट आमच्याकडे एकत्र केलेले नाहीत, बाहेरच्या लॅबला जातात. कल्चर_बॉटल ताई, असे रिपोर्ट काढायचे तर लॅबकडे नेमकं काय मागायचं?


कल्चर_बॉटल | गुरुवार, सकाळी ७.२०

अँटिबायोग्राम (कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती चालतं याचा तक्ता) मागा, वर्षाचा, आणि आयसीयूचा वेगळा. एका पेशंटचा तोच जंतू परत आला तर एकदाच धरायचा, हे सांगायला विसरू नका, नाहीतर आकडे फुगतात. बाहेरची लॅब असेल तर तुमच्या हॉस्पिटलच्या कोडवरून त्यांना यादी काढता येते. नाही म्हणाले तर मला कळवा, कसं मागायचं ते पत्र मी लिहून देते.